दुकानातल्या जाहिरातीच्या टीव्हीला वाय-फाय देताय? आधी हे वाचा

टीव्हीवर जाहिराती कशा लावायच्या ते व्हिडिओत दाखवलं, पण नेटवर्कचा भाग घाईत उरकला. तो इथे नीट सांगतो, कारण यात मी स्वतः तोंडावर पडलोय.

माझं कपड्यांचं दुकान. टीव्हीमागे छोटा अँड्रॉइड बॉक्स लावला आणि बिलिंग कॉम्प्युटरचंच वाय-फाय त्याला दिलं. तोच पासवर्ड गिऱ्हाइकांनाही सांगायचो. एका शनिवारी दुकान भरलेलं, आणि साड्यांच्या ऑफरच्या जागी स्क्रीनवर कार्टून सुरू! एका पोराने बाबांच्या मोबाइलवरून कास्ट केलं होतं. सगळे हसले, मीही हसलो. रात्री मात्र झोप लागेना. पोराला माझा टीव्ही सापडतो, तर दुसऱ्या कुणाला बिलिंगचा कॉम्प्युटर आणि उधारीची यादी का नाही सापडणार?

दिसायला डबी असली तरी प्लेअर म्हणजे कॉम्प्युटरच. तो बिलिंगसोबत एका नेटवर्कवर नको. बऱ्याच राउटरमध्ये ‘गेस्ट नेटवर्क’ असतं, ते चालू करून प्लेअर त्यावर टाका. त्याचा पासवर्ड गिऱ्हाइकांना देऊ नका. सिक्युरिटी डब्ल्यूपीए२ किंवा डब्ल्यूपीए३ ठेवा आणि राउटरचा कंपनीने दिलेला पासवर्ड आजच बदला. २०१६ मध्ये मिराई नावाच्या व्हायरसने जगभरचे लाखो कॅमेरे आणि डीव्हीआर ताब्यात घेतले, ते अशाच न बदललेल्या पासवर्डमुळे.

बसवणारा म्हणेल, “दादा, राउटरमध्ये पोर्ट उघडून देतो, लांबून कंट्रोल होईल.” नाही म्हणा. क्लाउडवर चालणारा प्लेअर स्वतःच बाहेर जाऊन जाहिराती आणतो. त्याला साधारण बाहेर जाणारा ४४३ पोर्ट लागतो, तो नेहमीच्या नेटवर चालूच असतो. बाहेरून आत यायला दार कशाला? बॉक्समधलं ‘यूएसबी डीबगिंग’ही बंद करा. काही बॉक्समध्ये त्याच सोयीने नेटवर्कवर ५५५५ पोर्ट उघडा राहतो.

लाईट जाऊन आली की स्क्रीन काळी, हा त्रास वेगळाच. बऱ्याच स्वस्त बॉक्समध्ये घड्याळाची बॅटरी नसते, मग तारीख चुकते. तारीख चुकली की सर्व्हरचं सुरक्षा प्रमाणपत्र खोटं वाटतं आणि बॉक्स जोडलाच जात नाही. आपण बसतो नेटवाल्याला शिव्या देत! सेटिंगमध्ये ‘ऑटोमॅटिक तारीख-वेळ’ चालू ठेवा. त्यासाठी यूडीपी १२३ पोर्ट लागतो, मॉलमध्ये गाळा असेल तर तिथल्या आयटीवाल्याला तो सुरू आहे का विचारा. मॉलच्या फुकट वाय-फायवर मात्र अवलंबून राहू नका. ओटीपी मागणारं पान बॉक्सला भरता येत नाही.

डेटाचा हिशोब सोपा. ८ एमबीपीएसचा एक मिनिटाचा व्हिडिओ म्हणजे ६० एमबी. असे दहा एकदाच डाउनलोड केले तर ६०० एमबी. तेच दिवसाचे दहा तास थेट नेटवरून चालवले तर रोज ३६ जीबी! म्हणून प्लेअर घेताना ‘ऑफलाइन चालतो का?’ हे आधी विचारा.

सगळं लावून झालं की आपला मोबाइल गेस्ट वाय-फायला जोडा आणि दुकानातला प्रिंटर किंवा बिलिंगचं शेअर फोल्डर शोधा. सापडलं, तर बसवणाऱ्याला परत बोलवा, उरलेले पैसे त्यानंतर द्या.