खेळ आणि समाज (लेखांक सहावा) : मंडपाची मालकी आणि वाणीचे स्वातंत्र्य

संगणकीय खेळांच्या स्पर्धांतील बक्षिसे आणि त्यांच्या मुळाशी असणारे करारनामे यांचा विचार आपण मागील लेखांकात केला. त्याच करारनाम्यांतून उद्भवणारा एक प्रश्न आज घ्यावयाचा आहे. ज्या कंपनीने खेळ निर्माण केला, व्यासपीठ उभारले आणि बक्षिसाची रक्कम ठेवली, तिच्या समारंभात विजयी खेळाडूने आपल्या नगरीच्या राजकीय वेदनेचा उच्चार केला, तर त्याला मज्जाव करण्याचा अधिकार त्या कंपनीस कितपत असावा?

हा प्रश्न ६ ऑक्टोबर २०१९ रोजी जगापुढे उभा राहिला. ‘हार्थस्टोन’ या पत्त्यांच्या संगणकीय खेळात ‘ब्लिट्झचुंग’ या नावाने खेळणारा हाँगकाँगचा एक तरुण सामना जिंकल्यानंतर मुलाखतीसाठी पडद्यावर आला, तो डोळ्यांवर संरक्षक चष्मा आणि तोंडावर वायुरोधक मुखवटा चढवूनच. आणि हाँगकाँगात त्या वेळी चीनच्या वर्चस्वाविरुद्ध चाललेल्या आंदोलनातील मुक्तीची घोषणा त्याने दिली. मुलाखत घेणाऱ्या दोघा तैवानी समालोचकांनी त्या क्षणी आपली मस्तके टेबलाखाली लपविली. खेळाची निर्माती असलेल्या ब्लिझर्ड कंपनीने स्पर्धेच्या नियमावलीतील एका कलमावर बोट ठेवले. जनतेतील एखाद्या गटाचे मन दुखावणारे किंवा कंपनीच्या लौकिकास बाध आणणारे वर्तन घडले आहे असे कंपनीस वाटल्यास, बक्षिसाची रक्कम शून्यावर आणण्याची मुभा तिला त्या कलमाने दिली होती. त्यानुसार खेळाडूची कमाई जप्त झाली, त्यास एक वर्षाची बंदी झाली आणि समालोचकांनाही दूर करण्यात आले.

चाहत्यांत तत्काळ दोन तट पडले. खेळ ही राजकारणाच्या कोलाहलातून क्षणभर सुटका मिळण्याची जागा आहे, आज एका घोषणेस वाट दिली तर उद्या प्रत्येक पक्षाचा झेंडा तेथे फडकेल, असे एका तटाचे म्हणणे होते. ज्याच्या कौशल्यावर कंपनीचा व्यापार चालतो त्याचे तोंड बंद करून ती केवळ चीनच्या बाजारपेठेची मर्जी राखीत आहे, असा दुसऱ्या तटाचा आरोप होता. या निर्णयाशी चीनमधील व्यवहाराचा काहीएक संबंध नाही, असा खुलासा कंपनीने केला. हार्थस्टोनच्याच स्पर्धेत अमेरिकेतील एका विद्यापीठाच्या संघाने हाँगकाँगच्या बाजूने फलक धरला, तेव्हा प्रारंभी त्यास शिक्षाच झाली नाही; त्या विद्यार्थ्यांनी हाच भेदभाव उघड करून स्पर्धेतून अंग काढून घेतले आणि मग कुठे त्यांच्यावर सहा महिन्यांची बंदी आली. दरम्यान लोकक्षोभ वाढताच कंपनीने ब्लिट्झचुंगचे बक्षीस परत केले व त्याची शिक्षा सहा महिन्यांवर आणली. नोव्हेंबरच्या प्रारंभी अ‍ॅनाहाइम येथे भरलेल्या वार्षिक मेळाव्यात कंपनीच्या अध्यक्षांनी व्यासपीठावरून क्षमायाचना केली, त्या वेळी सभागृहाबाहेर निदर्शक उभे होते.

हा सारा प्रसंग सातासमुद्रापलीकडचा असला, तरी मंडपाची मालकी आणि वाणीचे स्वातंत्र्य यांतील हा तंटा महाराष्ट्रास अपरिचित नाही. आमच्याकडे तो साहित्यसंमेलनांच्या मंडपात वारंवार लढला गेला आहे. १९७५ साली, आणीबाणीच्या ऐन अंमलात, कऱ्हाडच्या संमेलनाध्यक्षा दुर्गाबाई भागवत यांनी व्यासपीठावरूनच आणीबाणीचे विरोधक नेते जयप्रकाश नारायण यांच्या आरोग्यासाठी प्रार्थना केली. त्याच्या उलट, २०१९ च्या जानेवारीत यवतमाळ येथील संमेलनाच्या उद्घाटनासाठी लेखिका नयनतारा सहगल यांना दिलेले निमंत्रण आयोजकांनी मागे घेतले. तथापि त्यांचे लिखित भाषण महाराष्ट्रभर वाचले गेले आणि मंडपातून त्यांना घालविण्याच्या खटाटोपाने त्यांचा श्रोतृवर्ग उलट कैक पटींनी विस्तारला.

खानदेशचा अनुभव याहून अधिक बोधप्रद आहे. धुळ्याने १९४४ साली, अमळनेरने १९५२ साली आणि जळगावने १९८४ साली संमेलनाचे यजमानपद भूषविले. आणि २०२४ च्या फेब्रुवारीत अमळनेर येथे रवींद्र शोभणे यांच्या अध्यक्षतेखाली सत्त्याण्णवावे अखिल भारतीय संमेलन चालू असता, त्याच गावात, त्याच सुमारास वासुदेव मुलाटे यांच्या अध्यक्षतेखाली विद्रोही मराठी साहित्य संमेलनही भरले. ज्यांना मुख्य व्यासपीठ आपले वाटत नव्हते त्यांनी त्या व्यासपीठावर दगड फेकला नाही. आपला निराळा मंडप उभारला, आणि गावाने दोन्हीकडचे शब्द ऐकले. याच खानदेशात, धुळ्याच्या तुरुंगात, १९३२ साली विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली व साने गुरुजींनी ती टिपून घेतली. सरकारी भिंतींच्या आत, बंदिवानांपुढे उच्चारलेली ती वाणी पुढे देशभर पसरली.

आता कायद्याकडे वळू. संविधानाच्या अनुच्छेद १९(१)(क) ने नागरिकास भाषणस्वातंत्र्य दिले आहे आणि १९(२) मध्ये त्यावरील वाजवी निर्बंधांची सीमा आखली आहे. परंतु परंपरेने हा अधिकार शासनाविरुद्ध मागावयाचा आहे. अनुच्छेद १९ व २१ मधील अधिकार खाजगी व्यक्तींविरुद्धही मागता येतील, असे मत सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०२३ च्या जानेवारीत बहुमताने नोंदविले आहे. तथापि खाजगी स्पर्धेत उतरणाऱ्या खेळाडूचा व्यवहार मुख्यतः करारनाम्यावरच चालतो. म्हणून न्यायाची खरी परीक्षा त्या करारनाम्याच्या शब्दांतच घ्यावी लागते.

माझे मत स्पष्ट आहे. मुलाखत किती वेळ चालावी, समारंभ कोणत्या क्रमाने व्हावा, सामना चालू असता घोषणा व्हाव्यात की नाहीत, हे ठरविण्याचा हक्क आयोजकास निःसंशय आहे. परंतु खेळाडूने कौशल्याने मिळविलेले बक्षीस ही त्याची कमाई आहे आणि नागरिक म्हणून असलेले त्याचे मत हे त्याचे स्वत्व आहे. या दोहोंवर आयोजकाची सत्ता पोहोचत नाही. ‘लौकिकास बाध’ यासारखे सैल शब्द कलमात घालणे म्हणजे शिक्षेचा कोरा कागद आपल्या दप्तरी ठेवणे होय. नियम आधी जाहीर असावा, त्याचे शब्द नेमके असावेत, तो आवडत्या व नावडत्या मतास सारखाच लागू व्हावा, आणि त्याच्या भंगाची शिक्षा फार तर मुलाखत थांबविण्यापुरती असावी. जळगाव-धुळ्याच्या महाविद्यालयांतून आता मोबाइल-खेळांच्या स्पर्धा भरवू पाहणाऱ्या तरुणांनी, प्रायोजकाचा मसुदा समोर येताच, सही करण्यापूर्वी ही चार लक्षणे त्यात आहेत की नाहीत हे पाहावे. नसतील तर ती लेखी मागून घ्यावीत, कारण सामना जिंकल्यानंतर मागणी करण्यास फार उशीर झालेला असतो.

पुढील लेखांकात प्रेक्षकांच्या वर्तनाचे नियम आणि बहिष्काराचे शस्त्र यांचा विचार करू.