मागाचं भावंड

एप्रिलचा शेवटचा आठवडा सिनेमावाल्यांनी कॅलेंडरवर लाल शाईनं गोल करून ठेवावा असा आहे. २३ एप्रिल १८९६ ला न्यूयॉर्कच्या कोस्टर अँड बायल या संगीतगृहात तिकीट काढून आलेल्या लोकांनी पडद्यावर हलती चित्रं पाहिली. २९ एप्रिल २०१६ ला सोलापूर जिल्ह्यात करमाळा तालुक्यातल्या जेऊरच्या नागराज मंजुळे यांचा ‘सैराट’ लागला. २०२६ मध्ये पहिल्या घटनेला १३० वर्षं झाली, दुसरीला १०. या दोन तारखांच्या मधलं जवळजवळ सगळं शतक एका यंत्रानं ओढून नेलं. ते म्हणजे ३५ मिलिमीटरचा प्रोजेक्टर. थिएटरात त्याला कुणी प्रोजेक्टर म्हणत नसे. ते नुसतं ‘मशीन’. नटनट्यांच्या जयंत्या होतात, सिनेमांची पन्नाशी साजरी होते. मशीनला मात्र ना जयंती, ना पुण्यतिथी.

सोलापूरकराला हे मशीन समजावून सांगायचं तर सुरुवात मागापासून करावी. सोलापुरी चादरीवरची नक्षी जकार्ड यंत्रावर उठते. पुठ्ठ्याच्या कार्डांना भोकं पाडलेली असतात आणि ताण्याचे कोणते धागे वर उचलायचे हे ती भोकं ठरवतात. कार्डांची माळ एकेक घर पुढं सरकते, थांबते, धोटा जातो, पुन्हा सरकते. फिल्मच्या पट्टीचंही तेच. कडेला भोकं, त्यात अडकणारे दाते आणि सरकणं-थांबणं, सरकणं-थांबणं. जकार्ड हा फ्रान्समधल्या लियाँ शहराचा माणूस आणि सिनेमाचे ल्युमिएर बंधूही त्याच विणकरांच्या शहरात कारखाना चालवणारे. पट्टी थांबत-थांबत कशी ओढायची, ही युक्ती लुई ल्युमिएरला शिवणयंत्रावरून सुचली. १८९५ साली त्यांनी लोकांना दाखवलेलं पहिलं चित्र कसलं होतं? कारखाना सुटल्यावर फाटकातून बाहेर पडणारे कामगार. भोंग्यावर घड्याळ लावणाऱ्या गिरणगावाला याहून ओळखीचं दृश्य कुठलं?

पट्टीची रुंदी आणि भोकांचा हिशेब मात्र अमेरिकेतून आला. एडिसनच्या प्रयोगशाळेतल्या डिक्सननं जॉर्ज ईस्टमनच्या कंपनीची रुंद फिल्म उभी चिरली आणि एका चौकटीला प्रत्येक बाजूनं चार भोकं पाडली. ते माप पुढं जगानं पाळलं. न्यूयॉर्कच्या त्या खेळाची जाहिरात एडिसनच्या नावानं झाली, पण व्हायटास्कोप नावाचं ते यंत्र मुळात टॉमस आर्मट आणि चार्ल्स फ्रान्सिस जेंकिन्स यांचं. बनवणाऱ्यानं अंधारात राहायचं ही मशीनच्या घराण्याची रीत पहिल्या दिवसापासूनची.

आता झाकण उघडून आत पाहू. पट्टी एकसारखी धावली तर पडद्यावर नुसता फराटा दिसेल. म्हणून आत फुलीच्या आकाराचं चाक असतं, माल्टीज क्रॉस. बाजूची खुंटी एक फेरा मारते तेव्हा ही फुली फक्त पाव फेरा फिरते आणि उरलेला वेळ गप्प उभी राहते. पाव फेऱ्यात एक चौकट खाली येते. सेकंदाला चोवीस वेळा. चौकट सरकत असताना समोरचं शटर उजेड अडवतं आणि ती स्थिर असतानाही एकदा झाकतं. त्यामुळं डोळ्यावर सेकंदाला ४८ उघडझाप होते आणि लुकलुक जाणवत नाही. तीन तासांच्या सिनेमात अशा २ लाख ५९ हजार २०० चौकटी ओढल्या जातात. त्यासाठी १६ हजार फुटांहून जास्त पट्टी लागते.

चोवीस हा आकडा पक्का झाला तो आवाजामुळं. ६ ऑक्टोबर १९२७ ला वॉर्नर ब्रदर्सचा ‘द जॅझ सिंगर’ न्यूयॉर्कला लागला. त्याची शताब्दी २०२७ मध्ये आहे. त्यातला आवाज तबकडीवर होता, नंतर तो पट्टीच्या कडेवरच छापला जाऊ लागला. एक बारीक दिवा त्या रेघेतून प्रकाश पाडतो, पलीकडचा फोटोसेल त्याची वीज करतो आणि कर्णा बोलतो. मेख अशी की चित्र थांबत-थांबत जातं, आवाजाला मात्र सलग धाव लागते. म्हणून आवाज चित्राच्या सुमारे वीस चौकटी पुढं छापतात आणि दोन्हींच्या मधे पट्टीचा एक सैल वळसा सोडतात. तो वळसा ऑपरेटर बोटांच्या अंदाजानं ठेवायचा. एक-दोन चौकटींचा फरक चालून जाई, जास्त चुकला तर नायिकेचे ओठ आधी हलत आणि शब्द मागून येत.

केबिनमध्ये मशीनं दोन. एका रिळात दोन हजार फूट, म्हणजे जेमतेम बावीस मिनिटं. रीळ संपत आलं की पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात वर एक ठिपका चमकतो. दुसऱ्या मशीनची मोटर सुरू करायची. काही सेकंदांत दुसरा ठिपका चमकला की उजेड पालटायचा. हा चेंजओव्हर खाली कुणाला कळला नाही, हीच ऑपरेटरची शाबासकी. झेनॉन दिवे येण्याआधी उजेड कार्बनच्या दोन कांड्यांमधल्या ठिणगीचा. कांड्या झिजत जायच्या आणि काळ्या काचेतून पाहत त्यांच्यातलं अंतर राखावं लागे. मागावरच्या कांड्यांसारखंच हे काम, नजर हटली की काम बिघडलं. इथं बिघाडाची दाद पिटातल्या शिट्ट्यांनी मिळायची.

सोलापुरात या मशीननं फार भाषा ऐकल्या. मराठी आणि हिंदी तर होत्याच, कर्नाटकाची हद्द जवळ म्हणून कन्नडही होती. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी पूर्वभाग वसवला आणि इथल्या थिएटरांत तेलुगू सिनेमे लागू लागले. जिल्ह्याचं सिनेमाशी नातं त्याहून जुनं आहे. ‘राजा हरिश्चंद्र’ या सिनेमाच्या वर्षभर आधी, १८ मे १९१२ ला दादासाहेब तोरणे यांनी मुंबईच्या कॉरोनेशनमध्ये ‘श्री पुंडलिक’ दाखवला. कथा पंढरपूरच्या पुंडलिकाची. दिग्दर्शक डॉ. जब्बार पटेल यांचा जन्मही पंढरपूरचाच, तर अभिनेत्री शशिकला यांचा सोलापूरचा. थिएटरवाल्यांचे महोत्सवही निराळे. संस्थेचा रौप्यमहोत्सव पंचवीस वर्षांनी येतो, सिनेमाचा पंचवीस आठवड्यांनी. १९३६ चा ‘संत तुकाराम’ मुंबईच्या सेंट्रलमध्ये ५७ आठवडे चालला. रोजचे खेळ आणि प्रत्येक खेळाची रिळं मोजा, म्हणजे त्या यशात ऑपरेटरच्या बोटांचा वाटा किती ते कळेल.

जत्रेतल्या तंबूंची गोष्ट तर आणखी खडतर. ट्रकवर मशीन बसवायचं, यात्रेच्या माळावर तंबू ठोकायचा, कर्ण्यावरून ओरडून गर्दी गोळा करायची आणि धुरळ्यातून पडद्यावर उजेड फेकायचा. या तंबूंवर शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ हा माहितीपट केला. मे २०१६ मध्ये कान महोत्सवात त्याची खास दखल घेतली गेली. नेमक्या त्याच महिन्यात महाराष्ट्रभर ‘सैराट’ हाऊसफुल्ल होता. तो १०० कोटींच्या पुढं गेलेला पहिला मराठी सिनेमा. संगीतकार अजय-अतुल यांनी त्याचा सिंफनी वाद्यवृंद लॉस एंजेलिसच्या ज्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर मुद्रित केला, तिथंच १९३९ चा ‘द विझार्ड ऑफ ऑझ’ सुरांत बांधला गेला होता. करमाळ्याची गोष्ट हॉलिवूडला जाऊन आली, पण गावातल्या जुन्या मशीनवर चढली नाही. ईस्टमनच्याच कोडॅक कंपनीनं २०१२ च्या जानेवारीत दिवाळखोरीचा अर्ज केला होता, फुजीनं २०१३ मध्ये सिनेमाची फिल्म बनवणं थांबवलं. ‘सैराट’ आला तेव्हा सिनेमा हार्ड डिस्कवरून किंवा उपग्रहावरून थेट पडद्यावर उतरत होता.

सोलापुरात गिरण्या बंद पडल्यावर माग भंगारात गेले, चिमणी तेवढी लोकांच्या आठवणीत राहिली. मशीनचंही तसंच व्हायला लागलं आहे. बिडाचा सांगाडा किलोवर विकला जातो आणि भिंगं कुणीतरी घरी नेतं. मुंबईला पेडर रोडवरच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात जुनी यंत्रं पाहायला मिळतात, पण प्रत्येक गावानं मुंबईकडं का बघावं? तुमच्या गावचं थिएटर बंद असेल तर केबिनची चावी कुणाकडं आहे ते विचारा. मशीन जागेवर असेल तर ते पुसून शाळेच्या किंवा वाचनालयाच्या ओसरीत मांडा. ते चालवणारा हयात असेल तर पुढच्या २९ एप्रिलला त्याला खुर्ची द्या आणि मुलांसमोर एकदा पट्टी चढवून दाखवायला सांगा. तो सैल वळसा किती ठेवायचा, हे कुठल्याही पुस्तकापेक्षा त्याच्या बोटांना नीट ठाऊक आहे.