कुलूप आहे, पण लावायचे कोणी?

कुलूप फोडून झालेल्या चोरीची चर्चा होते. ते लावायचेच राहून गेले असेल तर दोष कोणाचा, याविषयी मात्र सारे मौन पाळतात. ऑगस्ट २०२१ मध्ये अमेरिकेत उघडकीस आलेले प्रकरण या दृष्टीने विचार करण्याजोगे आहे. मायक्रोसॉफ्टच्या ‘पॉवर ॲप्स’ या साधनावर उभारलेल्या पोर्टलांमधील सुमारे ३ कोटी ८० लाख नोंदी कोणाही वाटसरूला वाचता येतील अशा स्थितीत असल्याचे ‘अपगार्ड’ या सुरक्षा कंपनीने जाहीर केले. ४७ संस्थांच्या या यादीत इंडियाना व मेरीलँड ही राज्ये होती, अमेरिकन एअरलाइन्स आणि फोर्ड यांसारख्या कंपन्या होत्या. खुद्द मायक्रोसॉफ्टही त्यांतून सुटली नव्हती. कोविडच्या संपर्कशोधाची माहिती, लसीकरणाच्या वेळा, नोकरीच्या उमेदवारांचे सामाजिक सुरक्षा क्रमांक असा नाजूक ऐवज त्यांत होता.

कोणी दरोडा घातला नव्हता. माहितीची यादी बाहेर पुरविण्याची सोय एका कळीवर होती आणि ती कोणी पाहावी याची बंधने दुसऱ्या कळीवर. ही दुसरी कळ मुळात बंद असे. पहिली चालू करणाऱ्याने दुसरीही आठवणीने चालू करावी, अशी अपेक्षा होती. रचना ठरविल्याप्रमाणेच चालत आहे, असे कंपनीचे प्रारंभीचे म्हणणे होते. पुढे मात्र नव्या पोर्टलांत बंधने आपोआप लागू होतील अशी व्यवस्था तिने केली आणि मांडणीतील चुका शोधणारे साधनही दिले. दोष केवळ विसरणाऱ्याचा नव्हता, याची ही एक प्रकारे कबुलीच होय.

खास घडवून घेतलेल्या घटकांची कथा याहून फारशी निराळी नाही. एकासाठी घडविलेला घटक दुसऱ्याच्याही पोर्टलात बसावा, म्हणून जावाच्या जगात २००३ मध्ये ‘पोर्टलेट’चे प्रमाण ठरले. परंतु प्रत्येक खात्याला आपला रजेचा अर्ज, आपला तक्ता वेगळाच हवा असतो. मग प्रमाण बाजूला सारून पोर्टलच्या अंतर्भागालाच हात घातला जातो आणि नवी आवृत्ती येताच तो घटक बंद पडतो. दुरुस्तीस आलेल्याला दिसते की, चाचणीच्या यंत्रावर जे चालते ते प्रत्यक्षात चालत नाही. कारण कोणती कळ कोणी, केव्हा फिरविली याची नोंदच नसते. वरून घाई असते. अखेर सर्वांना सर्व अधिकार देऊन काम एकदाचे ‘चालू’ केले जाते आणि दुरुस्तीतच पुढील आपत्तीचे बीज पेरले जाते.

उपाय अवघड नाहीत. दार मुळात बंद असावे. प्रत्येक बदलाची तारीखवार नोंद राहावी. आणि उद्‌घाटनापूर्वी कोणी तरी, ओळख न देता, परक्याच्या नजरेने पोर्टल उघडून पाहावे. लस घेण्यास किंवा नोकरी मागण्यास आलेल्या माणसाला आपली माहिती नाकारण्याची सोय नसते. ती घेणाऱ्याने कुलूप लावले की नाही, हे तपासण्याचे कामही त्याच्याच माथी मारावयाचे काय?