मैदानाबाहेरचा घाम : खेळाडू जिममध्ये नेमके काय करतात?

किनवट : शहराबाहेर पडणाऱ्या कोणत्याही रस्त्यावर पहाटे पाचच्या सुमारास गेल्यास धावणारी मुले-मुली भेटतात. कोणी पोलीस भरतीसाठी धावतो, कोणी सैन्यासाठी, तर आश्रमशाळांतील विद्यार्थी क्रीडा स्पर्धांसाठी. सराव मात्र बहुतेकांचा एकच. आज तीन किलोमीटर, उद्या चार, परवा पाच. काही आठवड्यांनी नडगी दुखू लागते, गुडघ्यात कळ येते आणि भरतीच्या ऐन तोंडावर धावणे बंद पडते. ज्या नामवंत खेळाडूंकडे पाहून ही मुले धावू लागली, ते मात्र आठवड्यातून दोन-तीन वेळा मैदान सोडून जिममध्ये जातात. तेथे ते आपला खेळ खेळत नाहीत. मग काय करतात, हे समजून घेण्याची गरज मोठ्या शहरांपेक्षा किनवटसारख्या भागाला अधिक आहे. शहरात चूक दाखवून देणारा प्रशिक्षक निदान शोधला तर सापडतो.

पस्तीस उड्यांचा हिशेब

मराठवाड्यातीलच उदाहरण घ्यायचे तर बीड जिल्ह्यातील मांडवा (ता. आष्टी) येथील अविनाश साबळे याचे घ्यावे लागेल. २०२२ मध्ये बर्मिंगहॅम येथील राष्ट्रकुल स्पर्धेत ३ हजार मीटर स्टीपलचेस शर्यतीत त्याने ८ मिनिटे ११.२० सेकंद अशी वेळ देत रौप्यपदक जिंकले. सुवर्णपदक हुकले ते अवघ्या पाच शतांश सेकंदाने. २०२३ मध्ये हांगझोऊ येथील आशियाई स्पर्धेत त्याने याच शर्यतीत सुवर्ण मिळवले आणि जुलै २०२४ मध्ये पॅरिस येथे ८ मिनिटे ९.९१ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम केला.

स्टीपलचेस म्हणजे नुसते धावणे नव्हे. पुरुषांच्या शर्यतीत २८ अडथळे आणि पाण्याच्या ७ उड्या, अशा एकूण ३५ उड्या धावपटूला माराव्या लागतात. अडथळा ९१.४ सेंटिमीटर उंचीचा आणि जड लाकडी तुळईचा असतो. पाय लागला तरी तो पडत नाही, धावपटू पडतो. प्रत्येक उडीनंतर शरीराच्या वजनाच्या कितीतरी पट भार एका पायावर येतो आणि त्याच पावलात पुन्हा वेग पकडायचा असतो. हा भार पेलण्याची ताकद केवळ धावून येत नाही. उलट धावणे जितके वाढवावे तितके थकलेले स्नायू तो भार हाडांवर आणि सांध्यांवर ढकलतात. नेमकी हीच उणीव भरून काढण्यासाठी या शर्यतीचे धावपटू जिमचा आधार घेतात.

अर्थात जिम हे कवचकुंडल नव्हे. जुलै २०२५ मध्ये मोनॅको येथील शर्यतीत पडल्याने साबळेच्या गुडघ्यातील अस्थिबंधाला दुखापत झाली आणि त्याला शस्त्रक्रिया करून घ्यावी लागली. व्यायामामुळे दुखापतीची शक्यता घटते, संपत नाही. आणि दुखापत झालीच तर पुन्हा उभे राहण्याचा मार्गही त्याच वजनांच्या खोलीतून जातो.

सेकंदाचा दहावा भाग

वेगाने धावणाऱ्या माणसाचे पाऊल जमिनीवर किती वेळ टेकते? अव्वल धावपटूच्या बाबतीत साधारण सेकंदाचा दहावा भाग, किंवा त्याहूनही कमी. स्नायूला आपली संपूर्ण ताकद उभी करायला याच्या तिप्पट तरी वेळ लागतो. म्हणजे धावपटूकडे ताकद किती आहे यापेक्षा तो ती किती चटकन बाहेर काढू शकतो, याला अधिक महत्त्व येते. जिममधील कामाची विभागणी यावरून ठरते.

पहिला भाग जड वजनांचा. खांद्यावर बारबेल घेऊन बैठका, जमिनीवरून वजन उचलणे, एका पायावरच्या बैठका. प्रत्येक संचात तीन ते सहा आवर्तने आणि दोन संचांच्या मध्ये दोन ते पाच मिनिटांची पूर्ण विश्रांती. ही विश्रांती पाहून नवख्याला वाटते की खेळाडू वेळ घालवत आहे. वास्तविक तो मेंदूकडून स्नायूंकडे जाणाऱ्या आज्ञांचा सराव करीत असतो. सुरुवातीच्या काही आठवड्यांत जी ताकद वाढते, ती स्नायू फुगल्यामुळे कमी आणि मज्जासंस्थेने अधिक स्नायुतंतू एकाच वेळी कामाला लावल्यामुळे जास्त. त्यामुळेच वजनाच्या काट्यावर फारसा फरक न पडताही धावपटू बलवान होतो.

दुसरा भाग झटक्याचा. खोक्यावर उडी, एका पायाने लंगडत लांब उड्या, जड चेंडू फेकणे. यात आवर्तने थोडी आणि प्रत्येक आवर्तन पूर्ण जोराने. दम लागेपर्यंत उड्या मारणे हा या व्यायामाचा उद्देशच नाही, वेग मंदावला की संच थांबवतात.

तिसरा भाग कंटाळवाणा आहे, म्हणून सर्वाधिक टाळला जातो. पायरीच्या कडेवर उभे राहून टाचा वर-खाली करणे, कंबर व पोटाचे स्थिर व्यायाम, आणि मांडीच्या मागच्या स्नायूंसाठी गुडघ्यांवर उभे राहून, जोडीदाराने घोटे धरलेले असताना, सावकाश पुढे झुकणे. या शेवटच्या व्यायामाला नॉर्डिक हॅमस्ट्रिंग असे नाव असून तो नियमित करणाऱ्या संघांमध्ये या स्नायूच्या दुखापती जवळपास निम्म्याने कमी होत असल्याचे संशोधनातून दिसून आले आहे. त्याला लागणारे साहित्य म्हणजे एक मित्र आणि घोंगडी.

लांब पल्ल्याच्या धावपटूंना वजने उचलल्याने अंग जड होईल अशी भीती पूर्वी वाटत असे. प्रत्यक्षात कमी आवर्तनांचे जड व्यायाम केल्याने त्याच वेगाने धावताना लागणारी ऊर्जा काही टक्क्यांनी घटते, हे आता सर्वमान्य झाले आहे.

तालमीत हे होतेच

हे सारे परदेशातून आले असा समज करून घेण्याचे कारण नाही. लातूरला लागून असलेल्या बीदर जिल्ह्यातील बसवकल्याण, म्हणजे जुने कल्याणी, ही चालुक्यांची राजधानी. तेथील राजा सोमेश्वर तिसरा याच्या नावे असलेल्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात मल्लांच्या सरावाचे वर्णन आहे. त्यात डावपेचांशिवाय वजन उचलणे, लांबवर चालणे, पोहणे, बाहूंचे व्यायाम आणि खांबावरचे व्यायाम अशा श्रमांची वेगवेगळी नावे येतात. खेळाबाहेरचा व्यायाम ही कल्पना इतकी जुनी आहे.

मल्लखांबाचेही तसेच. आज तो स्वतंत्र क्रीडाप्रकार असला तरी दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या काळात बाळंभट दादा देवधर यांनी त्याला नवे रूप दिले, ते कुस्तीला पूरक म्हणून. प्रतिस्पर्ध्याच्या जागी एरंडेल लावलेला गुळगुळीत खांब. त्यावर पकड टिकवताना बोटे, मनगटे, मांड्या आणि पोट यांना जे श्रम पडतात ते लढतीत उपयोगी पडतात. आधुनिक जिममधील दोर चढणे आणि पकडीचे व्यायाम यांचा हेतू याहून वेगळा नाही.

माळेगावच्या खंडोबा यात्रेतील कुस्त्या पाहिलेल्या माणसाला तालमीतील जोर-बैठका, गदा, मुद्गल आणि फावड्याने आखाडा उकरणे हे नवे नाही. आखाडा उकरणे हे मातीची निगा राखण्याचे काम तर आहेच, पण पाठ, कंबर आणि खांदे यांचा तो एकत्रित व्यायामही आहे. लातूर जिल्ह्यातील रामलिंग मुदगड येथील ‘रुस्तम-ए-हिंद’ हरिश्चंद्र बिराजदार याच परंपरेत घडले. पुढे पुण्याच्या गोकुळ वस्ताद तालमीत त्यांनी ज्या मल्लांना घडवले, त्यांत बीड जिल्ह्यातील पाटोद्याचा राहुल आवारे होता. २०१८ च्या राष्ट्रकुल स्पर्धेतील सुवर्ण आणि २०१९ च्या जागतिक स्पर्धेतील कांस्य हे त्याचे यश गादीवरचे.

गादीने गणित बदलले. ऑलिम्पिक शैलीची लढत तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्यांत संपते, मध्ये विश्रांती तीस सेकंदांची. तास-तास चालणाऱ्या मातीतील कुस्तीसाठी हजार बैठकांचा दमसास उपयोगी होता. सहा मिनिटांसाठी पुनःपुन्हा स्फोटक जोर लागतो. म्हणून आजचा मल्ल जोर-बैठका न सोडता बारबेलही हाती घेतो. तालमीने काय दिले नव्हते, असे विचारले तर उत्तर एकच : मोजमाप. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस अमेरिकेतील लष्करी डॉक्टर थॉमस डिलॉर्म यांनी जखमी सैनिकांच्या उपचारांत वजन ठराविक टप्प्यांनी वाढवण्याची पद्धत रूढ केली आणि तेव्हापासून या व्यायामाला वहीची जोड मिळाली.

आरशासाठी नव्हे

तालुक्याच्या गावी जिम निघाली की भिंतीवर शरीरसौष्ठवपटूचे छायाचित्र लागते, आणि गोंधळ तेथूनच सुरू होतो. सोमवारी छाती, मंगळवारी दंड अशी वाटणी शरीरसौष्ठवासाठी योग्य आहे. तो खेळच आकाराचा आहे. धावपटू किंवा खो-खोपटू अवयव वाटून घेत नाही, हालचाली वाटून घेतो. ढकलणे, ओढणे, वाकणे, उठणे, उडी मारून उतरणे. खो-खोमध्ये दर काही क्षणांनी दिशा बदलावी लागते आणि सूर मारून गडी बाद करावा लागतो. म्हणून या खेळाडूने, विशेषतः मुलींनी, एका पायावर उतरताना गुडघा आत वळू न देण्याचा सराव आधी करावा. उडी आणि वळणांच्या खेळांत गुडघ्याच्या अस्थिबंधाची दुखापत मुलींमध्ये मुलांपेक्षा अधिक आढळते.

खेळानुसार गरज किती बदलते, याचे उदाहरण नांदेड जिल्ह्यातच आहे. मुखेड तालुक्यातील भाग्यश्री जाधव या दिव्यांग खेळाडूंच्या गोळाफेकीत टोकियो पॅरालिम्पिकमध्ये सातव्या आणि २०२४ च्या पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये पाचव्या आल्या. पॅरिसच्या उद्घाटन सोहळ्यात सुमित अंतिलसोबत त्या भारताच्या ध्वजवाहक होत्या. त्यांच्या गटात गोळा बसून फेकतात. उभ्याने फेकणाऱ्याचा निम्मा जोर पायांतून येतो, बसून फेकणाऱ्याला तो धड, खांदा आणि हात यांतूनच काढावा लागतो. खेळ एकच, पण जिममधील तक्ता पूर्ण निराळा.

वेळापत्रकही महत्त्वाचे. स्पर्धा दूर असताना आठवड्यातून दोन-तीन वेळा जड व्यायाम, स्पर्धा जवळ येताच एकदा किंवा दोनदा आणि तेही थोडक्यात. शर्यतीच्या आदल्या दिवशी बैठका काढणारा उमेदवार स्वतःच्याच विरुद्ध धावतो.

पोते, पायरी आणि वही

किनवट परिसरातील मुलांकडे ताकद नाही असे कोणी म्हणणार नाही. डोक्यावरून पाणी वाहणे, कापसाची ओझी उचलणे, डोंगर चढून शाळेत जाणे यांतून शरीर घडतेच. पण कष्टाच्या कामात वजन ठरवून वाढत नाही आणि विश्रांती तर मिळतच नाही. त्यामुळे ज्या दिवशी शेतात अंग मोडून काम झाले, तो दिवस सरावाच्या हिशेबात धरला पाहिजे. आश्रमशाळेतील मुलांना वजने दिल्यास उंची खुंटते हा समज निराधार आहे. योग्य पद्धतीने आणि देखरेखीखाली केलेला ताकदीचा व्यायाम किशोरवयात सुरक्षित असतो.

महागडी यंत्रेही लागत नाहीत. वाळूने भरलेले पोते उराशी धरून बैठका काढता येतात. सुरुवात दहा किलोने करून आठवड्याला दोन किलो वाळू वाढवावी. शाळेच्या ओट्यावर एका पायाने चढ-उतार, फांदीला बांधलेला दोर चढणे, पायरीवर टाचा उचलणे आणि वर सांगितलेला नॉर्डिक व्यायाम, एवढा कार्यक्रम आठवड्यातून दोन दिवस पुरेसा आहे. नडगीचे दुखणे एकाच जागी बोटाने दाबल्यावर तीव्र होत असेल तर ते हाडाला गेलेल्या सूक्ष्म तड्याचे लक्षण असू शकते. अशा वेळी तेल चोळत न बसता डॉक्टरांना दाखवावे.

डब्यातील पावडरीबाबतही सावध राहिलेले बरे. जागतिक उत्तेजक प्रतिबंधक संस्थेच्या २०२२ च्या आकडेवारीत दोन हजारांहून अधिक चाचण्या झालेल्या देशांमध्ये दोषी नमुन्यांचे प्रमाण भारतात सर्वाधिक, ३.२ टक्के होते. बंदी घातलेले घटक असलेली पूरक उत्पादने बाजारात सहज मिळतात आणि चाचणीत सापडल्यावर ‘माहीत नव्हते’ हे उत्तर खेळाडूला वाचवत नाही. डाळ, अंडी, शेंगदाणे, दूध यांवर चाचणी बसत नाही.

भरतीचे गुण पाहिले तरी हीच गोष्ट दिसते. अलीकडच्या पोलीस शिपाई भरतीत मैदानी चाचणीच्या ५० गुणांपैकी मुलांच्या १६०० मीटर धावण्याला २०, १०० मीटरला १५ आणि गोळाफेकीला १५ गुण होते. मुलींसाठी लांब धाव ८०० मीटरची. म्हणजे ५० पैकी ३० गुण अशा दोन प्रकारांना, ज्यांत काही सेकंदांचा जोर लागतो. पहाटेची लांब धाव त्यासाठी फारशी कामाची नाही. पोत्याचे वजन, संच आणि आवर्तने तारखेनिशी लिहिलेली दहा रुपयांची वही मात्र कामाची आहे. मागच्या आठवड्यात किती उचलले होते, हे आठवणीवर सोडले की ते हमखास चुकते.