बिननावाची पुडी आणि शरीरातील कॉर्टिसॉल

आमच्या वस्तीतील एका मावशींचे गुडघे फार दुखत. शेजारणीने सांगितले म्हणून त्यांनी एका 'डॉक्टर'कडून बिननावाच्या पुड्या आणल्या. आठ दिवसांत दुखणे पळाले. भूक वाढली, चेहरा गोल झाला. "मावशी, तब्येत सुधारली हो!" असे बायाबापड्या म्हणू लागल्या. वर्षभराने पैशाची ओढाताण झाली, पुड्या बंद झाल्या आणि चार दिवसांत मावशी चक्कर येऊन पडल्या. उलट्या थांबेनात, रक्तदाब खाली गेला. सरकारी इस्पितळातील डॉक्टरांनी पुड्यांची हकीकत ऐकली आणि लगेच ओळखले की, पुडीत स्टिरॉइड होते. वेळेवर उपचार झाले म्हणून मावशी वाचल्या.

असे का घडले, हे प्रत्येक घराने समजून घेतले पाहिजे.

आपल्या दोन्ही मूत्रपिंडांवर टोपीसारखी एकेक लहान ग्रंथी असते. तिला अधिवृक्क ग्रंथी म्हणतात. तिच्यातून कॉर्टिसॉल नावाचे हार्मोन रक्तात येते. उपाशी असताना रक्तातील साखर टिकवणे, रक्तदाब सांभाळणे आणि सूज आटोक्यात ठेवणे ही त्याची कामे. पहाटे ते वाढत जाते, सकाळी उठण्याच्या सुमारास सर्वांत जास्त असते आणि मध्यरात्रीच्या सुमारास सर्वांत कमी. ताप, अपघात, शस्त्रक्रिया किंवा मनावरचा ताण आला की शरीर ते जादा तयार करते. लोक त्याला 'ताणाचे हार्मोन' म्हणून नावे ठेवतात. पण त्याच्याशिवाय माणूस जगू शकत नाही. या ग्रंथी निकामी झाल्या तर काय होते, हे इंग्लंडच्या डॉ. थॉमस अ‍ॅडिसन यांनी १८५५ साली लिहून ठेवले.

१९४८ साली अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये डॉ. फिलिप हेंच यांनी संधिवाताने जखडलेल्या एका स्त्रीला कॉर्टिसॉलचेच भावंड असलेले कॉर्टिसोन टोचले. काही दिवसांत ती चालू लागली. १९५० साली हेंच, केंडॉल आणि राइकस्टाइन यांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच घराण्यातील डेक्सामेथासोनने २०२० साली कोरोनाच्या अत्यवस्थ रुग्णांचे प्राण वाचवले. तेव्हा औषध वाईट नाही. ते लपवून, मोजमापाशिवाय देणे वाईट.

बाहेरून माल येऊ लागला की घरचा कारखाना बंद पडतो, तसे येथे होते. या ग्रंथींना हुकूम देते मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी. रक्तात स्टिरॉइड भरपूर दिसले की ती हुकूम थांबवते. अधिवृक्क ग्रंथी सुस्तावतात. पुडी अचानक बंद केली तर हा कारखाना एका दिवसात सुरू होत नाही. मावशींचे तेच झाले. शिवाय जादा स्टिरॉइडने साखर आणि रक्तदाब वाढतो, हाडे ठिसूळ होतात, कातडी पातळ होते. चेहरा भरला म्हणजे तब्येत सुधारली, असे नव्हे.

म्हणून बंधुभगिनींनो, नाव नसलेली पुडी किंवा गोळी घेऊ नका. डॉक्टरांनी स्टिरॉइड दिले असेल तर चिठ्ठी जपून ठेवा, मनाने बंद करू नका. ते हळूहळू कमी करायचे असते. शस्त्रक्रियेपूर्वी डॉक्टरांना ते जरूर सांगा. दम्याचा पंपही भीतीपोटी सोडू नका.

केवळ कुणी सांगितले म्हणून विश्वास ठेवू नये, अशी शिकवण तथागतांनी कालामांना दिली. शेजारणीने सांगितलेल्या पुडीलाही हीच कसोटी लावू या.