मनाचीही मशागत करायला शिका

जमीन कडक झाली की आपण नांगर धरतो. तण माजलं की खुरपं घेतो. पण मनात तण माजलं तर? रात्रीची लाइट आली म्हणून पाणी द्यायला गेलेला माणूस घरी येऊन आडवा पडतो. अंग मोडून आलेलं असतं, तरी डोळ्याला डोळा लागत नाही. सोसायटीचं कर्ज, कापसाचा भाव, मुलीचं लग्न, सगळं डोक्यात फिरत राहतं. सकाळी त्याचा राग निघतो तो घरच्या माणसांवर, नाही तर मुक्या बैलावर. सांगा, हे कुणाच्या घरी घडत नाही?

अशा मनाला वळण लावण्याची एक जुनी रीत आहे. आपल्याच श्वासाकडे पाहत बसणे! बौद्ध परंपरेत तिला आनापान म्हणतात. ब्रह्मदेशात वाढलेले व्यापारी सत्यनारायण गोएंका १९६९ मध्ये भारतात येऊन विपश्यना शिकवू लागले. नाशिक जिल्ह्यातील इगतपुरीच्या केंद्रात १९७६ पासून शिबिरे चालू आहेत. शिबिर दहा दिवसांचे. पहाटे चारला उठायचे, सोबत्यांशी नऊ दिवस बोलायचे नाही. पहिले तीन दिवस काम एकच, श्वास पाहणे. फी नाही, आधी शिबिर केलेल्यांच्या दानावर खर्च चालतो.

पण दहा दिवस गोठा कुणाच्या भरवशावर सोडायचा? प्रश्न रास्त आहे. मोठे शिबिर सुगी आटोपल्यावर बघा. श्वास पाहायला मात्र आज घरीच बसता येते.

पहाटे धारा काढण्याआधी पडवीत घोंगडी टाका. मांडी घालता येत नसेल तर बाजेवर बसा. पाठ सरळ, डोळे मिटलेले. नाकपुडीशी श्वास आत येतो, बाहेर जातो, तेवढंच पाहायचं. श्वास मुद्दाम ओढायचा नाही, रोखायचा नाही. दोन मिनिटांत मन बाजार समितीत जाऊन बसेल. जाऊ द्या, चिडू नका. बैल तास सोडून गेला तर आपण कासरा ओढून त्याला परत तासात आणतो, तसंच मनाला श्वासावर आणायचं. शंभरदा गेलं तर शंभरदा आणायचं. हीच ती साधना. पहिले काही दिवस दहा मिनिटं पुरे.

याने काय साधतं? कर्ज फिटत नाही, पाऊस पडत नाही. पण राग उसळताना श्वास जोरात चालू लागलाय, हे ध्यानात येतं. तेवढ्या क्षणभरात उगारलेला हात खाली येऊ शकतो.

आणि एक गोष्ट नीट ऐका. आठवडेच्या आठवडे झोप नाही, जेवण जात नाही, जगून काय करायचं असं वाटतंय, तर नुसतं डोळे मिटून बसू नका. घरच्यांना सांगा, सरकारी दवाखान्यात जा. २०२२ मध्ये सुरू झालेल्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, रात्रीही लागतो. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या असतील तर ध्यानाच्या भरवशावर त्या परस्पर बंद करू नका. पिकावर कीड पडली तर सल्ला विचारायला आपण लाजत नाही, मग इथे लाज कसली?

तेव्हा मंडळी, उद्या पहाटे दहा मिनिटं बसून तर बघा. शेत एका पाळीने तयार होत नाही, मनही होत नाही.