उसाच्या नावात एकर आणि युरिया

पावसाची झड लागली, रानात वापसा नाही, म्हणजे घरात पोरांचा दंगा ठरलेलाच. अशा वेळी पाटी-पेन्सिलीवर खेळता येईल असा एक खेळ सांगतो. महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आले. त्यामुळे एबीसीडी येत नाही असे शाळकरी पोर आता वाड्यावस्तीवरही क्वचितच सापडेल.

खेळ असा. एक मोठा इंग्रजी शब्द घ्यावयाचा आणि त्यातलीच अक्षरे उलटसुलट जुळवून दुसरे शब्द हुडकावयाचे. एखादे अक्षर मूळ शब्दात जितक्यांदा आले असेल तितक्यांदाच वापरता येते, जास्त नाही. कोल्हापूरकराने सुरुवात उसापासूनच करावी. ऊस म्हणजे शुगरकेन. अक्षरे नऊ: एस, यू, जी, ए, आर, सी, ए, एन, ई. यात शुगर म्हणजे साखर आणि केन म्हणजे कांडे, हे तर उघडच आहेत. पण ए-सी-आर-ई जुळवा, एकर निघतो. यू-आर-ई-ए जुळवा, युरिया निघतो. ई-ए-आर-एन, म्हणजे कमावणे, तेही आहे. एस-यू-एन, म्हणजे सूर्य, तोही आहे. पाणी मात्र काही केल्या निघत नाही, कारण वॉटरमधले डब्ल्यू आणि टी या नऊ अक्षरांत नाहीतच. शिरोळकडच्या क्षारपड जमिनी पाहिल्या की वाटते, उसाला पाणी सोडताना एवढे तरी ध्यानात ठेवायला हरकत नव्हती!

दुसरा शब्द पोटॅश. पी-ओ-टी म्हणजे भांडे आणि ए-एस-एच म्हणजे राख. हा नुसता योगायोग नव्हे. पूर्वी लाकडाची राख पाण्यात कालवून, ते पाणी भांड्यात आटवून हे द्रव्य काढीत, त्यावरूनच हे नाव पडले. परसातल्या दोडक्याच्या आळ्यात आजी चुलीतली राख टाकते, त्यातही पालाश असतेच. मग पोर विचारील की पोटॅशमध्ये 'के' हे अक्षर नाही, तर पोत्यावर एन, पी आणि के का लिहितात? तो 'के' कॅलियम या लॅटिन नावातला. एन म्हणजे नत्र, पी म्हणजे स्फुरद. १०:२६:२६ च्या पन्नास किलोच्या पोत्यात ५ किलो नत्र, १३ किलो स्फुरद आणि १३ किलो पालाश असते. हा हिशेब पोरांकडूनच करून घ्यावा.

आता जो शब्द मुद्दाम द्यावयाचा तो पॉयझन, म्हणजे विष. अक्षरे सहा: पी, ओ, आय, एस, ओ, एन. यातून एस-ओ-एन निघतो, म्हणजे मुलगा. आणि एस-पी-ओ-ओ-एन निघतो, म्हणजे चमचा. स्वयंपाकघरातला चमचा घेऊन औषध मापणारी घरे मी आजही पाहतो. पुन्हा तोच चमचा घासून डब्यात जातो. मापाचे भांडे निराळे ठेवा आणि ते घरात आणू नका.

कीडनाशकाच्या बाटलीवर चौकोन असतो. त्यात खालचा भाग तांबडा किंवा पिवळा असेल तर वर पॉयझन लिहिलेले असते, निळ्यावर डेंजर आणि हिरव्यावर कॉशन. तांबडे सर्वांत जहाल. हिरवे म्हणजे निर्धोक, असे मात्र मुळीच नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन कित्येक शेतकरी व शेतमजूर प्राणास मुकले.

बाटलीवरचे मोठ्या अक्षरातले नाव कंपनीने ठेवलेले असते, त्यावरून काही कळत नाही. खालच्या बारीक ओळींत सी-आय-डी-ई ही चार अक्षरे शोधावीत. 'साईड' म्हणजे मारणारे. त्याच्या आधी काय आहे ते पाहावे. इन्सेक्ट असेल तर किडी मारणारे, फंजि असेल तर बुरशी मारणारे, आणि वीड किंवा हर्ब असेल तर तण मारणारे. यातच खरी मेख आहे. वीड म्हणजे तण आणि सीड म्हणजे बियाणे, यांत फरक केवळ पहिल्या अक्षराचा. डब्ल्यूच्या जागी एस आला की अर्थ उलटला. टू-फोर-डी हे तणनाशक ऊस सोसतो, कारण ऊस गवताच्या कुळातला. त्याच सरीत घेतलेला भुईमूग, हरभरा किंवा सोयाबीन ते सोसत नाही. तणनाशकाचा पंपच वेगळा असावा. साध्या पाण्याने विसळून भागत नाही.

नावापुढची सुटी अक्षरेही कामाची. ई-सी असेल तर ते तेलकट द्रावण, पाण्यात दुधासारखे होते. डब्ल्यू-पी म्हणजे भुकटी, ती तळाला बसते, म्हणून पंपातले पाणी अधूनमधून हलवावे लागते. नुसता जी म्हणजे दाणेदार. ते जमिनीत द्यावयाचे असते, पाण्यात विरघळवून फवारावयाचे नव्हे.

एक मात्र कटाक्षाने पाळा. या खेळासाठी बाटली किंवा रिकामा डबा मुलांच्या हाती देऊ नका. लेबलावरचा मजकूर मोठ्या माणसाने वहीत उतरवून आणावा आणि मुलांनी तो वहीतून सोडवावा. ती वही जपून ठेवा. कोणाला विषबाधा झालीच, तर दवाखान्यात नेताना बाटलीचे लेबल किंवा ती वही बरोबर न्या. विषावरचा उतारा लेबलावर छापलेला असतो, आणि औषधाचे नेमके नाव कळले की डॉक्टरांचा वेळ वाचतो.